सहा की त्रेचाळीस

आंबिवलीपलीकडच्या एका कारखान्यात सीताराम मशीनमध्ये सापडून गेला, त्याला दोन महिने झाले. धोक्याचा इशारा आला की दहा सेकंदांच्या आत मशीन थांबवायचं, असा तिथला नियम. बटणापाशी साईनाथ बसला होता, आणि संगणकातली नोंद म्हणत होती की त्याने त्रेचाळीस सेकंद लावले. ‘मी लगेच दाबलेलं,’ असं तो चौकशीत घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिला. पण माणसाच्या जिभेपेक्षा यंत्राच्या नोंदीला भाव जास्त. साईनाथला घरी बसवलं.

ती नोंद ठेवणारी पेटी ठाण्याच्या एका कंपनीची. तिथे क्षिप्रा कर्नलचं काम करायची, म्हणजे संगणकाच्या अगदी पोटात बसून सगळं चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं. नेटवर्क कार्डावर पॅकेट, म्हणजे इशाऱ्याचा किंवा बटणाचा निरोप, येऊन टेकलं की कार्ड स्वतःच त्यावर वेळेचा शिक्का मारतं. शिक्का पक्का, पण या स्वस्तातल्या कार्डाकडे एका वेळी एकाच शिक्क्याची जागा. पॅकेटांची झुंबड उडाली की काही शिक्के हुकायचे, नोंदीत जागा रिकाम्या राहायच्या आणि गिऱ्हाइकं बोंब मारायची. ‘अगं, मग तिथे कर्नलच्या घड्याळाची वेळ भरून टाक ना,’ तिचे वरिष्ठ गुरुदत्त सर म्हणाले होते. तिने भरली. कुठली वेळ कुणाची, याची खूण ठेवायला नोंदीत रकाना नव्हता, म्हणून खूण फेकून दिली. तिच्या टेबलावर दोन्ही घड्याळं जुळत होती. बाई खूश.

कारखान्यात मात्र कार्डाचं घड्याळ अणुघड्याळाच्या वेळेवर चालायचं, कर्नलचं आपल्या रोजच्या वेळेवर, आणि अणुघड्याळ त्या रोजच्या वेळेच्या सदतीस सेकंद पुढे असतं. या धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. क्षिप्रानेही सांगितलं असतं. फक्त कार्डाच्या वेळेतून ते सदतीस वजा करायला ती विसरली.

इशाऱ्याचा शिक्का हुकून त्याला कर्नलची वेळ लागली असेल आणि बटणाला कार्डाची, तर त्रेचाळीसातून सदतीस गेले, उरले सहा. दोघांना एकाच घड्याळाची वेळ लागली असेल, तर त्रेचाळीस खरेच. हे तिच्या ध्यानात आलं तोवर निकाल लागून गेला होता. चौकशी समितीपुढे जाऊन तिने सगळं कबूल केलं. ‘खात्रीने सांगा,’ ते म्हणाले. ती खात्री तर तिने स्वतःच्या हाताने पुसली होती. गुरुदत्त सरांनी हात झटकले, निकाल कायम राहिला.

मग ती दिव्याला साईनाथच्या घरी गेली. तो पाण्याचे हंडे जिन्यातून वर नेत होता. शिकलेल्या माणसांना माफी मागतानाही आधी समजावून सांगायचं असतं. तिने कागदावर दोन घड्याळं काढली. त्याने हंडा खाली ठेवून कागद हातात घेतला.

‘म्हणजे मॅडम, सहा सेकंद?’

‘सहा. किंवा त्रेचाळीस.’

‘त्यातले कुठले?’

‘ते आता कधीच कळणार नाही. चूक माझी आहे, साईनाथ.’

त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्याने कागदावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

‘आधी मला पक्कं आठवायचं. बत्ती लाल झाली न् मी दाबलं. पण सगळे त्रेचाळीस, त्रेचाळीस करायला लागले ना, आता डोळे मिटले की सीताराम ओरडताना दिसतो, आणि मी नुसता बसलेलो.’

त्याने कागदाची घडी घालून तिच्या हातात परत दिली आणि हंडा उचलला.

‘हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं, मॅडम. मला आठवत होतं तेव्हा.’