ताईचा नंबर

सुट्टी लागली की मास्तरांच्या घरी रोज संध्याकाळी एक सिनेमा लागायचा, आणि त्याआधी रोज एक भांडण. सिनेमा दोन तासांत संपायचा. भांडणाचं तसं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, टेलरमास्तर. खाली रस्त्याला लागून एका खोलीचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर. मुलं दोन. थोरली अकरा वर्षांची. तिला आईबापही ताईच म्हणत, आणि एकदा ताई म्हटलं की पुढचं ओघानंच येतं: ताईनं समजून घ्यायचं. धाकटा सहा वर्षांचा, त्याचं नाव पडलं होतं भोंगा. त्याच्या मनाविरुद्ध काही झालं की ते आजूबाजूच्या चार घरांना घरबसल्या कळायचं.

सिनेमा निवडायचा म्हणजे चौघांची चार तोंडं चार दिशांना. आई दिवसभर आजारी माणसांशी बोलून येई, तिला हसायचा सिनेमा हवा. मास्तरांना कुठलाही चालायचा, फक्त त्यात कुत्रं मरता कामा नये. भोंग्याला अस्वलाचा हवा. हे अस्वल एका हॉटेलात स्वयंपाकी होतं आणि तो सिनेमा भोंग्याला इतका पाठ होता की अस्वलाच्या आधी हाच बोलायचा. ताईला हवा होता दीपगृहात राहणाऱ्या मुलीचा. वर्गातल्या मैत्रिणींनी तो पाहिला होता. त्यात अस्वल नव्हतं, एवढाच काय तो त्याचा दोष.

भांडणं मिटवायला मास्तरांनीच तोडगा काढला. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चार बटणं टाकली, सगळी एका मापाची, चार भोकांची. लाल भोंग्याचं, पांढरं ताईचं, हिरवं आईचं, तपकिरी त्यांचं स्वतःचं. मास्तरांनी डोळे मिटून एक काढायचं. ज्याचं बटण त्याचा सिनेमा. बोटांना रंग कुठे दिसतो? सगळ्यांना पटलं.

पहिल्याच दिवशी पांढरं निघालं, अगदी सरळपणे निघालं. ताईनं दीपगृह लावलं. समुद्रात वादळ उठलं तसा इकडे भोंगाही उठला. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली, आईचं डोकं चढलं आणि मास्तरांनी टीव्ही बंद केला. "असू दे, बाबा," ताई म्हणाली आणि गाद्या घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी डोळे मिटून हात घातला आणि मास्तरांच्या लक्षात आलं की आपल्या बोटांना सगळं कळतंय. उभा जन्म बटणं लावण्यात गेलेला. लाल बटणाच्या काठाला साच्यातून निघताना बारीकशी खरवड राहिली होती, ती अंगठ्याला लगेच लागली. त्यांनी लाल बाहेर काढलं. भोंगा नाचला, अस्वल स्वयंपाकाला लागलं, घरात शांतता झाली. एकदाच, असं मास्तर मनाशी म्हणाले. असं म्हणून सुरू केलेली गोष्ट कुणाची एकदाच झाली आहे?

डोळे मिटायचा नियम ते अगदी प्रामाणिकपणे पाळत. लबाडी काय ती बोटांत होती. कुणाला शंका येऊ नये म्हणून अधूनमधून हिरवं काढत, कधी तपकिरी. हसायचा सिनेमा असला की भोंगाही खपवून घेई. पांढरं मात्र उद्यावर जाई. उद्या भोंग्याला बरं नसे, परवा शेजाऱ्यांकडे पाहुणे असत. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. ताई रडत नव्हती. पोर समजूतदार आहे, असं मास्तर चारचौघांत कौतुकानं सांगत, आणि सांगताना आपण तिच्या समजूतदारपणावरच जगतोय हे त्यांना ठाऊक असे. अशा दोन सुट्ट्या गेल्या, तिसरी लागली.

सुट्टीत ताई दुपारची दुकानात येऊन बसायची. बटणं लावायची, तुरपाई करायची. त्या दिवशी बँकेतल्या काकू कोटाच्या बाह्या आखूड करायला आल्या. मास्तर टेप लावून माप घेत होते, तोवर काकूंनी ताईला बोलतं केलं.

"काय मग, सुट्टीत काय चाललंय?"

"सिनेमे बघतो रोज. घरी, सगळे मिळून."

"अरे वा. कोण ठरवतं?"

ताईनं डब्याची सगळी पद्धत सांगितली.

"छान आहे की. आणि तू कुठला लावलास?"

"माझा नंबर नाही लागत," ताई म्हणाली. दाताने दोरा तोडला. "भोंग्याचा लागतो. त्याचं नशीब चांगलंय. माझं नाहीये तसं."

सूर तक्रारीचा असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण ताई हे, माझे केस सरळ आहेत, असं सांगावं तसं सांगत होती.

"असं कसं?" काकू हसल्या. "मास्तर, डब्यात काही गडबड तर नाही ना?"

चोराच्या मनात चांदणं. मास्तरांच्या हातून टेप सुटला. तो उचलायला ते खाली वाकले आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिले. काकूंनी थट्टा केली होती आणि ताईही हसत होती. "बाबा डोळे मिटतात, काकू. मी बघते ना," ती म्हणाली.

काकू गेल्यावर मास्तर मशीनवर बसले, पण शिलाई सरळ येईना. पोरगं रडू नये म्हणून केलं, त्यात काय एवढं, असं त्यांनी मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना. एका पोराचं रडं थांबवायला आपण दुसरीला ती कमनशिबी आहे असं शिकवलं, आणि तिनं ते नीट, पाठ करून शिकून घेतलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. दुपारभर त्यांनी एकच ठरवलं: आज पांढरं काढायचं. भोंगा वाजला तर वाजू दे, शेजाऱ्यांनी भिंत पाडली तरी हरकत नाही.

संध्याकाळी जेवणं आटोपली, गाद्या पडल्या. आई पाय पसरून बसली. भोंगा आधीच अस्वलासारखा चालत होता. मास्तरांनी डबा मांडीवर घेतला, डोळे मिटले, हात घातला.

खरवडीचं लाल लागलं, ते त्यांनी बाजूला सारलं. गुळगुळीत हिरवं. एका बाजूला झिजलेलं तपकिरी, आणि पुन्हा लाल. त्यांनी डब्याचे कोपरे चाचपले. काठ किंचित उचललेलं पांढरं कुठेच लागेना.

"अहो, बटण काढताय की कणीक मळताय?" बायको म्हणाली.

त्यांनी डोळे उघडून डबा गादीवर पालथा केला. तीनच बटणं पडली.

"ताई, तुझं कुठंय?"

"ते ना?" ताई जरा ओशाळली. "डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला एक कमी पडत होतं, तेव्हा लावून टाकलं. तुम्हीच म्हणालात, बरं सापडलं गं तुला मापाचं."

"ही तर गेल्या सुट्टीतली गोष्ट."

"हो. तसंही ते निघत नव्हतंच. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल. रोज तुम्हीच हात घालता."

रोज तेच हात घालत होते. लाल लागलं की काम झालं. उरलेल्यांत कोण आहे न् कोण नाही हे बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. आणि मापाचं बटण शोधल्याबद्दल त्यांनी तिची पाठ थोपटली होती, हेही त्यांना आठवलं.

"जाऊ दे," आई म्हणाली. "आज बटणाबिटणाशिवाय ताईचा सिनेमा."

"नको," ताई म्हणाली. "नियम म्हणजे नियम. माझं निघालेलं नाही."

मास्तर उठले, जिना उतरून दुकानात गेले. बटणांच्या खणातून एक पांढरं उचललं. परत चढताना त्यांना हायसं वाटलं, कारण सगळं सोपं झालं होतं. हे डब्यात टाकायचं, डोळे मिटायचे आणि हेच काढायचं. पोरगी खूश होईल, नशीब फिरलं म्हणेल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

बटण डब्यात पडलं. मास्तरांनी हात घातला. नवं कोरं बटण, बोटाला लगेच लागलं. त्यांनी ते चिमटीत धरलं, आणि डोळे किलकिले करून बघितलं. ताई त्यांच्या हाताकडे बघतही नव्हती. ती भोंग्यासाठी उशी नीट करून ठेवत होती.

चिमूट सुटली. हात रिकामाच बाहेर आला.

"ताई, इकडे बस," मास्तर म्हणाले. "तुझं नशीब वाईट नाहीये. माझ्या बोटांना बटणं ओळखू येतात. हा रडायचा, म्हणून मी मुद्दाम याचं काढत होतो. दुसऱ्याच दिवसापासून."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. भोंग्याचा तर चेहराच उतरला. "म्हणजे माझा खरा नंबर नव्हता लागत?" त्यानं विचारलं. पण तो रडला नाही.

ताई चिडेल, निदान रुसेल, अशी मास्तरांनी तयारी केली होती. तिनं रुसावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. ती मात्र कपाळाला आठी घालून काहीतरी विचार करत बसली.

"मग शाळेतल्या चिठ्ठ्या खऱ्या असतात का?" तिनं विचारलं.

"कसल्या चिठ्ठ्या?"

"सहलीच्या. मोठ्या दुर्बिणीतून तारे दाखवायला नेणार आहेत, रात्री तिथेच राहायचं. जागा थोड्या होत्या, म्हणून बाईंनी नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. सगळ्या वर्गानं नावं दिली."

"आणि तू?"

"मी नाही दिलं. म्हटलं, माझं कुठे निघणार."

"खऱ्या असतात गं," मास्तर म्हणाले. "त्या खऱ्याच असतात."

"म्हणजे माझंही निघालं असतं," ताई म्हणाली.