सीरियात राहू द्या

तर झालं असं, की कोविडच्या त्या जानेवारीत आयर्लंडच्या लिमरिकमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, आणि इरावती आणि जयदीप या दोन फ्लॅटमेट्सना शॅनन नदीच्या काठाने चकरा मारण्यापलीकडे काही कामच उरलं नव्हतं. इरावती प्राचीन इतिहासात एमए करत होती. पुण्याची मुलगी आयर्लंडला जाऊन रोमन लोक शिकते हे तिच्या आईने अजून नातेवाइकांत फोडलेलं नव्हतं, त्यांना 'कॉम्प्युटर'च माहीत होतं. तिचा थिसिस होता गायस सीझरवर. हा ऑगस्टस बादशहाचा नातू. आजोबाने त्याला आणि त्याच्या भावाला, ल्यूशियसला, लहानपणीच दत्तक घेऊन टाकलेलं, की पुढे हे सगळं तुम्हीच बघायचं. पोरांना विचारलं कुणी नाही.

जयदीपला आधी त्यात काडीचा इंटरेस्ट नव्हता, नुसता हं हं करायचा. पण ल्यूशियस आजारी पडून गेला असं तिने सांगितलं त्या दिवशी तो चालता चालता थांबला. त्याचा स्वतःचा मोठा भाऊ, ज्ञानेश, सप्टेंबरात कोल्हापूरला कोविडने गेला होता. ज्ञानेश वडिलांबरोबर घरची फौंड्री चालवायचा. आता वडिलांना, अण्णांना, जयदीप एकटाच उरलेला. आणि जयदीपला इथेच एका ऑपरेशनची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली होती. ती घ्यायची, की घरी जाऊन भावाच्या खुर्चीत बसायचं, हे त्याच्या डोक्यात दिवसरात्र चाललेलं.

त्यानंतर तोच, गायसला इथल्या आयरिश लोकांसारखं 'युअर मॅन' म्हणत, विचारायला लागला, "काय, आज युअर मॅनचं काय झालं?"

मग इरावतीच्या गोष्टीत गायस आर्मेनियाला गेला. तिथल्या किल्लेदाराने गोड बोलून त्याला तटाजवळ बोलावलं आणि दग्याने घाव घातला. जखम भरेना, मन तर पारच खचलं. मग त्याने ऑगस्टसला कळवलं, मला काही नको, मला सीरियात साधा माणूस म्हणून राहू द्या.

"मग? दिलं राहू?" जयदीपने विचारलं.

आता त्याचं तोंड असं झालेलं, की इरावतीला खरं सांगवेना. "दिलं की," ती म्हणाली. "आजोबाला एकदा भेटून आला, आणि मग राहिला मजेत. ऑलिव्ह लावले, म्हातारा झाला."

साफ थाप! पण हा इतका खूश झाला, की त्याच संध्याकाळी अण्णांना फोन लावला, मला इथेच नोकरी करू द्या म्हणाला. अण्णा ओरडले नाहीत, रडले नाहीत. नुसतं म्हणाले, "एकदा घरला ये, बाळा. मग तुला काय करायचं ते कर."

जयदीप नाचतच किचनमध्ये आला. इरावती प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, धुतलेल्या ताटल्या ठेवत होती, तिचा हात तिथेच राहिला. कारण ऑगस्टसने हेच कळवलं होतं. अगदी हेच, आधी इटलीला तर ये, मग तुला हवं ते कर. गायसने सगळं सोडलं, एका मालवाहू जहाजात बसला, आणि वाटेत लिमायरा नावाच्या गावात मेला. तेवीस वर्षांचा. जयदीपएवढाच.

आत्ता सांगायला हवं, हे तिला कळत होतं. तोंड उघडलंही तिने.

"सेम तुझ्या गायससारखं ना गं," तो म्हणाला, तिकिटं बघत.

"हो," ती म्हणाली.

मार्चमध्ये तो गेला. जाताना म्हणाला, माझ्या सायकलला तेल देत जा, येतोच.

आणि गंमत बघा, अण्णा कधी नाही म्हणालेच नाहीत. एप्रिलमध्ये तिकडे दुसरी लाट आली, निम्मे कामगार आजारी, अशात कसा निघणार? मग भारतातून येणाऱ्यांना इथे हॉटेलात कोंडायला लागले. मग इथल्या कंपनीने वाट बघणं सोडलं. मग ज्ञानेशचं वर्षश्राद्ध, ते झाल्याशिवाय जाऊ नको म्हणाली आई. जयदीपचे मेसेज तुटक होत गेले, आणि एक दिवस त्याचा नंबरच बंद. इरावती सायकलला तेल देत राहिली.

ऑक्टोबरात तिला अनोळखी नंबरवरून मेसेज आला. प्रोफाइलच्या फोटोत मिशीवाला माणूस, डोक्यावर पिवळं हेल्मेट. हा ज्ञानेश, जयदीपने दाखवलेल्या फोटोंवरून तिने ओळखलं. खाली लिहिलेलं, 'जयदीप बोलतोय. सगळी गिऱ्हाइकं दादाच्याच नंबरवर फोन करतात, म्हणून अण्णांनी हाच दिला. एक सांग, गायसला परत सीरियात जायला किती दिवस लागले?'

इरावतीने लिहिलं, 'नाही गेला रे तो. वाटेतच मेला. मी खोटं सांगितलं.'

लगेच उत्तर आलं.

'माहितीये. जाताना दोहाच्या एअरपोर्टवरच वाचलं मी. पुढच्या विमानाची अनाउन्समेंट झाली, म्हणून उठलो.'

आणि मग, 'सायकल विकून टाक.'

तिने फोटो मोठा करून बघितला. ज्ञानेश हसत होता.