बदकाच्या पोटाचा टक

सकाळी सव्वाअकरा वाजता आत्याच्या डाव्या हातावरचं बदक पुसून स्वच्छ झालं आणि त्याच्या पोटाला टक मारलेला आहे, हे उघड झालं.

टक म्हणजे कपडा अंगाबरोबर बसावा म्हणून शिंपी घालतो ती चिमूट. दोन रेषा, खाली रुंद, वर निमुळत्या, टोकाला बारीक फुली. बदकाला त्याची गरज पडल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

"हे काय आहे गं?" शिंतोडेने विचारलं.

शिंतोडे हे तिचं खरं नाव नव्हे. ती टॅटू काढते, आणि तिचे टॅटू घाईत रेखाटलेल्या कच्च्या चित्रासारखे दिसतात. एकाच मानेला तीन रेषा, त्यातली एक भरकटून भलतीकडेच गेलेली, वर जलरंगाचे फराटे, ओघळ, थेंब. रंग रेषेच्या आत राहील तर शपथ. तिचं पहिलं काम बघून आत्या म्हणाली होती, "छान आहे. आता पुसून नीट काढ." नाव त्याच दिवशी पडलं. गिऱ्हाइकं मात्र त्या ओघळांसाठीच येतात.

आत्याचं शिवणाचं दुकान खाली, शिंतोडेचा स्टुडिओ वर. मधला जिना आत्या फक्त भांडायला चढायची. पण गेल्या महिन्यात ती वर आली, दार लावून घेतलं आणि बाही सरकवली. मनगटाच्या वर इस्त्रीच्या टोकाचा जुना, चकाकता डाग. तो पडल्यापासून आत्याने स्वतःला लांब बाहीशिवाय काही शिवलं नव्हतं. भर उन्हाळ्यात कुणी विचारलंच, तर "कापड उरलं होतं" म्हणायची.

"यावर बदक काढ. अर्ध्या बाहीचा कुडता बेतलाय मी."

"बदकच का?"

"मी तशीच चालते ना. लोक मागून हसतात, आता समोरून हसू देत."

शिंतोडेने ते काम मनावर घेतलं. ती चित्राचा तयार छापा वापरत नाही. आधी नारिंगी पेनाने कातडीवर सैल रेषा, मग जांभळ्याने पक्क्या, आणि सुई दोन्हींवरून फिरवते, कारण कच्चं तसंच दिसू देणं हाच तिचा धंदा. रंग नंतर, जखम भरली की. डागाच्या कातडीचा भरवसा नसतो, म्हणून तिथे सुई रेषांसाठी एकदाच आणि रंगासाठी एकदाच न्यायची, खाडाखोड नाही, हे तिने आधीच बजावलं होतं.

आज सकाळी जांभळ्या पेनाच्या रेषा काढून झाल्या आणि बेल वाजली. शाईचं पार्सल होतं. सही करून, हात धुऊन, नवे हातमोजे चढवून ती परतली. तेवढा वेळ आत्या, पेन आणि एक ढगळ पोट खोलीत एकटे होते. शिंतोडेने मशीन सुरू केलं. ती फुली गोंदताना तर, आज आपला हात काय झक्कास चाललाय, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं.

"टक आहे," आत्या म्हणाली. "पोट ढगळ होतं त्याचं. म्हटलं, खूण करून ठेवावी. तू ते गोंदलंस?"

"दिसेल ते गोंदते मी! कच्च्या रेषा ठेवायच्या, हीच माझी स्टाईल आहे."

"अगं, खूण होती ती! खूण पुसायची असते, मिरवायची नसते!"

"मग तोंड उघडायचं ना!"

"मला वाटलं, बघशील आणि पोट आत घेशील. डोळे आहेत ना तुला?"

"आणि माझ्या ट्रेमधलं पेन उघड्या हाताने उचललंस? फेकून द्यावं लागेल ते."

"मग बदकही फेक."

इथवर नेहमीचंच होतं. मग आत्याने हात दिव्याखाली धरला.

"खडूच्या खुणा राहिलेला कपडा मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही," ती म्हणाली. "हे बघून कुठलाही शिंपी म्हणेल, बाई काम अर्धवट टाकून उठली." शिंतोडेने हातावर पातळ पट्टी लावली. आत्याने त्यावरून बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि जिना उतरली. संध्याकाळी शिंतोडे खाली डोकावली, तेव्हा नव्या कुडत्याच्या अर्ध्या बाह्या उसवून टेबलावर पडल्या होत्या.

टक झाकता येईल का, ते शिंतोडेने सरावाच्या रबरी कातडीवर करून पाहिलं. हिरवं तळं, निळा ओघळ, पिवळ्याचा सडा. प्रत्येक रंगाखालून टक तिच्याकडे बघत होता. जलरंगाच्या ढंगात रंग पारदर्शकच ठेवावा लागतो. जाड थर दिला तर ती भिंत होते, आणि डागावर तर चिखल. तो टकही नेमका डागाच्या मधोमध.

जखम भरली. रंगाच्या दिवशी सकाळी तिने छोट्या वाट्यांत हिरवा, निळा, पिवळा ओतून ठेवला. आत्या आली नाही. फोन वाजत राहिला. शेवटी ती स्वतःच खाली गेली.

आत्याने बाही कोपराच्या वर दुमडली होती आणि हात कापडासारखा बेतायच्या टेबलावर पसरला होता. त्यावर बेकरीवाला आणि शाळेतल्या एक बाई ओणवे झाले होते.

"टक राहू द्या की," बेकरीवाला म्हणाला. "बदक सुटसुटीत दिसतंय."

"टक जरा वर हवा होता," बाई म्हणाल्या.

"वर?" आत्या कडाडली. "वर घेतला तर छातीवर चढेल! कधी बदक शिवलंय का तुम्ही?"

"आत्या, रंग वाळतोय," शिंतोडे म्हणाली.

"वाळू दे. अजून ठरलेलं नाही."

मागे पुतळ्यावर नवा कुडता होता. त्याच्या एका खांद्याला अर्धी बाही टाचली होती, दुसऱ्याला लांब.