जमिनीची चव

पेणच्या खाडीचा बांध फुटला, त्यानंतरचा हा तिसरा पावसाळा. उधाणाचं पाणी केरूच्या भातशेतात महिनाभर भरत होतं. पुढच्या उन्हाळ्यात गावाने बांध परत घातला. पण आत मुरलेलं मीठ काही आपणहून उठून गेलं नाही.

"दोन पावसाळे धुऊ दे, मग बघू," त्याची बायको आवडी म्हणाली होती. शेत पेरायचं की नाही, हे घरात तीच ठरवायची. बोटभर चिखल जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि सांगायची. केरूची जीभ तंबाखूने केव्हाच मेली होती.

पहिलाच पावसाळा सरला आणि आवडी गेली. गेल्या वर्षी केरूला दम धरवला नाही. त्याने स्वतःच चिखल चाखला, गोडा वाटला, म्हणून मोड आणलेलं बी फेकलं. आठ दिवसांत सगळं पिवळं पडून जळलं.

आज त्याचा मुलगा हरेश रोह्याहून बायकोला, भाग्यश्रीला घेऊन आला होता. शेजारच्या विलासला जिताडा माशांच्या तळ्यासाठी शेत हवं होतं, आणि उत्तर आजच हवं होतं.

"बाबा, जमीन एकदा खारवली की खारवली," हरेश म्हणाला. "आई असती तर तीपण हेच बोलली असती."

"आई असती तर चाखून बोलली असती." केरू सुनेकडे वळला. "गो भाग्यश्री, तू मिसरी लावत नायस ना?"

"नाय मामा!"

"मग चल, चिखल खा."

हरेश हसला. "निडीच्या सासऱ्यांनी पोरगी दिली ती चिखल खायला नाय."

"तुमच्या कंपनीच्या कँटीनपेक्षा बरा असंल," म्हणत ती शेतात उतरली. वरच्या तुकड्यातला चिखल तिने जिभेला लावला.

"पेजेतल्या मिठाएवढं, का सुक्या बोंबलाएवढं?" केरूने विचारलं. आवडीची मापं हीच होती.

"पेजेएवढं. त्याहून कमीच."

केरूला एकदम बरं वाटलं. तो तिला बांधालगतच्या खालच्या तुकड्यात घेऊन गेला. तिथे खाऱ्या चिखलात उगवणाऱ्या तिवराची रोपं गुडघ्याला लागत होती. भाग्यश्रीने चाखलं आणि लगेच थुंकलं.

"मामा, बोंबील!"

"आणखी एक पावसाळा गेला तर?"

तिला काय माहीत? केरूला मात्र माहीत होतं. तिवराने मूळ धरलं की तिथे भात परत येत नाही. तरी त्याने वाकून चिमूटभर चिखल स्वतःच्या जिभेवर ठेवला. बराच वेळ ठेवला. काहीच लागलं नाही.

"विलासला नाय सांग," तो हरेशला म्हणाला. "वरचं मी पेरतो. खालचं तिवराचं झालं."

घराकडे येताना त्याने भाग्यश्रीला विचारलं, वरची चव नेमकी कशी होती. तिने परत सांगितलं. दारात पाय धुताना त्याने आणखी एकदा विचारलं.