दाबून धरायचं बटण

मालवणच्या बाजारात कुणालाही विचारा, सुगंधानं शिळा मासा ताजा म्हणून कधी गळ्यात मारला का. नाही म्हणतील. भांडकुदळ आहे म्हणतील, तोंडाची फटकळ आहे म्हणतील, आणि ते खरंच आहे. पण खोटारडी कुणी म्हणणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी एक खोटं बोलणार आहे. आणि ही माझी भाषा पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून अशी झाली आहे. घरात मी अशी बोलत नाही.

आमचे हे, सत्यवान, भाईंच्या ट्रॉलरवर तांडेल. म्हणजे सुकाणू यांच्या हातात, आणि जाळं कुठे टाकायचं ते यांच्या शब्दावर. भाई यांचे थोरले चुलतभाऊ, बोटीचे मालक. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर एकदा जाळं ओढताना विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळायच्या यंत्राच्या, दोरात यांचा उजवा हात सापडला. पहिली दोन बोटं चिरडली. एका खलाशानं दोर कापेपर्यंत हे तसेच बोटीच्या कडेला ओढलेले, आणि लाटा अंगावरून जातायत. पुढे प्लास्टर निघालं तेव्हा हाडं जुळली होती, पण ती दोन बोटं वाकायला तयार नव्हती.

कुडाळच्या योगिनी मॅडम हाताचा व्यायाम करून घेतात. त्यांनी रबरी चेंडू दिला, दिवसातून शंभरदा दाबा म्हणाल्या. यांनी तो दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी शेजारचं कुत्रं तो तोंडात घेऊन फिरत होतं.

भाई तसे चांगले, पण बोट कुणासाठी थांबत नाही. ते म्हणाले होते, नारळी पौर्णिमेपर्यंत हात धरायला लागला तर तांडेल तूच, नाहीतर दुसरा बघावा लागेल. वीस वर्षं मी या माणसाला बोटीवरून उतरताना पाहिलं होतं. बोट गेली तर यांचं काय उरणार, हा एकच घोर मला लागला होता.

आमची सृष्टी तेव्हा बारावी झाली होती. तिच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर घेतला होता, आणि अभ्यास झाला की ती त्यावर गाड्यांची शर्यत खेळायची. हे मागे बसून बघायचे. एका संध्याकाळी स्वतःच खुर्चीवर बसले. जाडजूड बोटं, एका वेळी तीन-तीन बटणं दाबली जायची आणि गाडी कुंपणात घुसायची. वैतागून उठले, पण दुसऱ्या दिवशी परत बसले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच हा माणूस कशासाठी तरी परत बसला होता.

सृष्टी म्हणाली, "आये, टीव्हीच्या गेमाक असता तसला दोन्ही हातात धरूचा मिळता. ता कॉम्प्युटराकव चलता." तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन्ही अंगठ्यांना एकेक काठी, आणि मागच्या बाजूला पहिल्या बोटाला बटण. ते बटण दाबून धरलं की गाडी पळते, सोडलं की मंदावते. मी ते चित्र योगिनी मॅडमना दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "चेंडूपेक्षा हे बरं. दाबून धरायला लागलं पाहिजे, तोच व्यायाम."

सृष्टीची कॉम्प्युटरच्या क्लासची परीक्षा होती, म्हणून मी एकटीच गोव्यात म्हापशाला गेले. बांद्यावरून जाणारी पहिली गाडी धरली, दुकान उघडायच्या आत दारात हजर. जाळं घ्यायला जाताना आम्ही जुन्या जाळ्याचा तुकडा बरोबर नेतो, भोकाचं माप जुळतं का बघायला. तसा मी कॉम्प्युटरचा माऊस वायरीसकट पिशवीत घालून नेला होता. सृष्टीनं सांगितलं होतं, त्याची पिन आणि याची पिन सारखी हवी.

दुकानदार म्हणाला, "मावशे, कितें जाय?" मी माऊस काढून काचेवर ठेवला. त्याला वाटलं माऊस बिघडलाय. मग कागद दाखवला, तेव्हा त्यानं एक काळं, देखणं यंत्र काढलं. हातात असं बसलं की मी मनात घेऊनच टाकलं. पण पिन लावून बघते तर ती रुंद आणि वेगळीच. ते टीव्हीच्या मशीनचं होतं. तो म्हणे मध्ये जोडायला एक तुकडा मिळतो, पुढच्या आठवड्यात येईल. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यातलं पुढच्या आठवड्यात, आज जुळतंय ते दाखव.

दुसरं काढलं. पिन जुळली. पण हातात घेतलं तर आत काही नसल्यासारखं हलकं. कुर्ली, म्हणजे मोठा खेकडा, घेताना मी ती तळहातावर तोलते, हलकी लागली की आत मांस नाही. हे तसलंच होतं. तरी परीक्षा घ्यायची म्हणून मी पिशवीतून चिंधी काढली आणि आइस्क्रीमची काडी काढली, आणि माझ्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं काडी घालून घट्ट बांधली. बोटं वाकायलाच नकोत, यांच्यासारखी. मग मागचं बटण दाबायला गेले. हूं की चूं नाही, दगडासारखं घट्ट.

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असणार, सकाळी सकाळी कसलं गिऱ्हाईक आलंय.

तिसरं जड होतं. खालचे दांडे लांब, त्यावर रबर, घामट हातातून निसटणार नाही असं. मागचं बटण लांबट आणि मऊ. बांधलेल्या बोटांनी ते दाबलं जायचं, पण धरून ठेवता येत नव्हतं. ताठ बोट लगेच घसरायचं. दाब, घसर, दाब, घसर. मी पंधरा-वीसदा करून बघितलं. म्हटलं, हेच. आज दाबता आलं तर उद्या धरता येईल. भावावरून दुकानदारानं थोडी कुरकुर केली. मी म्हटलं, मी तुझी भवानी आहे, पहिलं गिऱ्हाईक मोकळं पाठवशील का? तोही धंद्यातला माणूस, नाही पाठवलं.

घरी सगळं जुळलं. हे बसले, मी मागे उभी. गाडी घुर्र करायची आणि थांबायची, घुर्र आणि थांबायची. अगदी माझ्या बांधलेल्या बोटांसारखं. मला इतका आनंद झाला की मी देवापुढे साखर ठेवली. पुढे रोज हे बसू लागले. एकदा सृष्टीनं बोटींची शर्यत लावून दिली, तर यांनी ते हातातलं खाली ठेवलं. म्हणाले, "गाडयेचो लाव." मी तांदूळ निवडत होते, माझं लक्षही गेलं नाही.

जून गेला, जुलै गेला. आवाज तोच, घुर्र आणि थांब. योगिनी मॅडम म्हणाल्या, हाडं चांगली आहेत, का होत नाही कळत नाही. मी यांना रोज विचारायची आणि हे रोज मान हलवायचे.

पावसाळ्यात मासेमारी बंद, तेव्हा मी सुकं विकते. ऑगस्टात एका दुपारी पाऊस इतका लागला की बाजारात चिटपाखरू नाही. मी लवकर घरी आले. पडवीत पाय ठेवला आणि आतून आवाज ऐकला. गाडी पळत होती. एकसारखी. वळणावर आवाज खाली यायचा आणि परत वर चढायचा, पण मध्ये तुटत नव्हता. बोट धक्क्याला यायच्या आधी नुसत्या इंजिनावरून मी सांगते बोट कुणाची आहे. मला हे कळायला किती वेळ लागणार?

मी टोपली खाली ठेवली. टोपलीतला कोयता फरशीवर वाजला. आणि आतली गाडी घुर्र झाली आणि थांबली. परत घुर्र झाली आणि थांबली.

मी आत गेले. माझं डोकं असं तडकलं होतं. पिशवीत चिंधी घेऊन मी म्हापशापर्यंत गेले, दुकानदारापुढे वेडी ठरले. दिवसभर माशांचे कल्ले उघडून ताजेपणा बघणारी मी, आणि घरच्या माणसाचा हात धरून बघितला नाही. म्हटलं, "हात दाखवा."

यांनी हात मागे घेतला.

"दाखवा म्हणतंय."

हात पुढे आला. मी त्यात माझी दोन बोटं दिली. यांनी मूठ आवळली. आणि सोडली नाही. चांगली घट्ट होती.

"कधीपासना?"

"जून लागल्यापासना."

"मगे सांगूक काय झाला तुमका?"

यांनी पडद्याकडे बघितलं. तिथे यांची गाडी कुंपणाला टेकून उभी होती. मग म्हणाले, "सांगला तर जावचा लागात. हात बरो झालो गो. मी नाय झालंय. दोर बघितलो की मी मागे सरतंय. माका दर्याची भीती वाटता."

मी खाली बसले. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. त्या दुपारी खूप रडले, आणि यांच्यासमोरच रडले. लपवण्यासारखं आता घरात काही उरलं नव्हतं.

चार दिवसांनी संध्याकाळी भाई आले. छत्री पडवीत टेकवली आणि तिथूनच मला विचारलं, "काय सुगंधा, हात कसो आसा ह्याचो? पुनवेक धा दिस रवले."

हे आत होते. मी तयारी करून ठेवली होती. तांडेलाला हात नाही म्हटलेलं गाव ऐकून घेईल. भीती वाटते म्हटलेलं ऐकून घेणार नाही. बोट जाणारच, निदान नाव तरी राहू दे. मी म्हटलं, "धरणा नाय, भाई. दुसरो तांडेल बघा."

आयुष्यात पहिल्यांदा मी शिळा मासा ताजा म्हणून विकला, आणि माझा आवाजही कापला नाही.

तेवढ्यात हे बाहेर आले. "ती खोटा बोलता," म्हणाले. "हात बरो आसा. माका भीती वाटता, भाई. मी आता जावचंय नाय."

पागोळ्यांचा आवाज येत होता. भाई बाकावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं आता भाई उठून जाणार आणि उद्या धक्क्यावर हीच चर्चा.

"माका वीस वर्सां झाली, सत्या," भाई म्हणाले. "धक्क्याच्या फुडे पाय घालूक नाय मी. बोट कित्याक घेतलंय, म्हायत आसा? दुसऱ्यान चालवची म्हणान."

हे भाईंच्या शेजारी बाकावर टेकले.

"गुरुदासाक तांडेल घालतंय ह्या वर्सा," भाई म्हणाले. गुरुदास म्हणजे त्या दिवशी ज्यानं दोर कापला तो खलाशी. "तू धक्क्यार रव. जाळी बघ, पोरांका शिकव. ता माझ्यान होणा नाय." मग आत डोकावले. "आणि ता काय खेळतंस म्हणे, दाखव बघू."

दोघं कॉम्प्युटरपुढे बसले. भाईंची दहाच्या दहा बोटं धडधाकट, तरी गाडी घुर्र करायची आणि थांबायची. यांनी थोडा वेळ सोसलं. मग आपला उजवा हात पुढे नेला, ती दोन बोटं भाईंच्या बोटावर ठेवली आणि दाबली. गाडी न अडखळता पळू लागली.

बोट गेली तर यांचं काय उरणार, हा घोर मी इतके महिने केला होता. बोट तर गेली होती. हे माझ्यासमोर बसले होते, थोरल्या भावाच्या हातावर हात ठेवून, आणि ओरडत होते, "दाबून धर रे. सोडू नको सांगलंय मा."