भिंतीवर टांगलेली घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. काळी, जाड, अंगाला टोचणारी. टोचते म्हणून नाक मुरडणार असाल, तर आत्ताच उठा. मऊमऊ ब्लँकेटांत झोपणाऱ्यांची मनधरणी करायला मी आलेली नाही.

माझा जन्म वेरूळच्या डोंगरापलीकडच्या एका वस्तीवरचा. बानाबाई तेव्हा नवी नवरी होती. तिच्या नवऱ्यानं, बिरूनं, आपल्याच काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली. बानाबाईनं ती टकळीवर कातली; मेंढरांमागं चालता चालता, कुत्र्यांवर ओरडता ओरडता, पोटात पोर असताना. मग पुंडलिक सनगरानं खड्ड्याच्या मागावर मला विणलं आणि चिंचोक्यांची खळ चोपडून उन्हात कडक वाळवलं. ती खळ अशी, की पहिल्या वर्षी मला कुणी भिंतीला टेकवलं तर मी उभी राहायचे.

चाळीस वर्षं मी काम केलं. पावसात बिरूच्या डोक्यावर माझी खोळ असायची. रानात जन्मलेली ओली कोकरं माझ्यात गुंडाळून घरी यायची आणि वाटेत माझ्यावरच मुतायची. बानाबाईचा शिवशंकर माझ्यावर रांगला. काटे लागले, ठिणग्या पडल्या, चिखल झाला. झटकलं की मी पुन्हा तयार.

हाच शिवशंकर पुढं वाळूजच्या कारखान्यात लागला आणि त्यानं घरात लाल गुलाबांचं गुबगुबीत ब्लँकेट आणलं. हात लावला की त्यातून चटचट आवाज येतो. बिरूनं ते एकदाच पांघरलं आणि घडी घालून परत दिलं. बाकीच्यांना मात्र माझा वास यायला लागला. चाळीस वर्षं आला नव्हता!

शिवशंकरची पोरगी शालू. शहरातल्या एका खासगी विद्यापीठात ती कला शिकायला गेली. कला म्हणजे काय, ते मला तिथंच कळलं. जी वस्तू वापरायची नाही, तिला कला म्हणतात.

त्या विद्यापीठात दोन खोल्यांचं एक संग्रहालय आहे. प्रवेश फुकट. दमयंती मॅडम त्याच्या प्रमुख. त्यांनी वर्गात सांगितलं, "घरातली एखादी पारंपरिक वस्तू आणा, प्रदर्शनानंतर बघू." शालूनं बिरू-बानाबाई बाजाराला गेलेले बघून मला वळणीवरून ओढलं, पिशवीत कोंबलं आणि दानपत्रावर सही ठोकली. दान म्हणे! माझं दान करणारी ही कोण? हिच्या बापाचं शेण पुसलंय मी.

घरी तिनं सांगितलं, "आठ दिवसांत आणते." त्याला दोन वर्षं झाली.

त्या दोन वर्षांत मी भिंतीवरून जी माणसं बघितली, त्यांच्यापेक्षा मेंढरं बरी. मेंढरू निदान खायच्या वस्तूकडं नीट बघतं. इथं येणाऱ्यांपैकी निम्मे पंख्याखाली उभं राहायला यायचे. काही मोबाईल चार्ज करायला. सुयश नावाचा एक पोरगा दर आठवड्याला वेगळ्या मैत्रिणीला घेऊन यायचा आणि माझ्यासमोर उभा राहून तेच सांगायचा, "ह्यातलं दुःख बघ." कसलं दुःख? मी पांघरूण आहे रे, मेल्या. फुकट म्हणून ही माणसं आत यायची आणि फुकट म्हणूनच काही न बघता बाहेर पडायची.

माझ्या डाव्या अंगाला काचेच्या पेटीत एक हिमरू शाल होती. तिच्यावर दिवा, तिच्यासाठी कसरीच्या औषधाच्या गोळ्या. मला दोन खिळे आणि एक पाटी. पाटीवर लिहिलेलं : 'ग्रामीण लोकरी वस्त्र. अंदाजे शंभर वर्षे जुने. कारागीर अज्ञात. हात लावू नये.'

यंदा दिवाळी झाली आणि बिरूची मेंढरं घेऊन लांब निघायची वेळ आली. गेल्या साली तो पोत्याच्या खोळीवर गेला होता आणि महिनाभर खोकत होता, हे सगळं मला मागाहून कळलं. घोंगडीचं नाव त्यानं काढलं नाही. बानाबाईनं मात्र शालूला समोर बसवून विचारलं, "खरं सांग. इकली का?"

शालूनं सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी बानाबाई तिला घेऊन एसटीत बसली.

दाराशी मोतीराम नावाचा रखवालदार स्टुलावर बसलेला असतो. बानाबाईनं आत पाऊल टाकलं आणि ती सरळ माझ्याकडं आली. तिनं तळहात माझ्यावर ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाचा तरी खरबरीत हात लागला.

"ओ मावशी! हात लावू नका!" मोतीराम धावत आला.

"कामून?"

"पाटी वाचा की."

"मला वाचता येत नाय. तू वाच."

मोतीरामनं वाचलं. बानाबाई ऐकत होती. शेवटाला तिनं विचारलं, "अज्ञात म्हंजे?"

"म्हंजे कुणी केली ते माहीत नाय."

"मी कातली. पुंडलिक सनगरानं इणली. आन् शंभर वर्सं? माह्या शिवाच्या वख्ताची हाय ही!"

आवाज ऐकून दमयंती मॅडम बाहेर आल्या. गोड बोलणारी बाई. इतकी गोड, की मुंग्या लागाव्यात.

"आजी, किती छान! तुम्ही स्वतः कातलीत? आपण पाटीवर तुमचं नाव घालू. तुमचा एक व्हिडिओसुद्धा करू या."

"नाव नको. घोंगडी द्या. म्हातारा थंडीचा चाललाय."

"तसं देता येत नाही, आजी. नोंद झाली आहे, समितीपुढं जावं लागेल. आणि ही आता फक्त तुमची नाही, सगळ्यांचा वारसा आहे."

"सगळ्यांना थंडी वाजती व्हय?"

मॅडम हसल्या. लहान मुलाच्या बोलण्यावर हसतात तशा.

तेवढ्यात शालू पुढं आली. आतापर्यंत ती खांबाआड उभी होती, आणि मी म्हणत होते, राहा तिथंच. "मॅडम, सही माझी होती," ती म्हणाली. "पण घोंगडी माझी नव्हती. मी आजीला विचारलंच नव्हतं."

"शालू, तुझे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे मार्क ह्याच वस्तूवर आहेत. नीट विचार कर."

"केलाय, मॅडम."

बरं बोलली. एकदाच, पण बरं बोलली.

बानाबाईनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. तिनं माझी खालची कड धरून मला भिंतीपासून उचललं आणि माझी पाठ बघितली. भुसा पडावा तशी काळी भुकटी तिच्या लुगड्यावर पडली. मला कसर लागली होती. पाठीला रुपयाएवढी अकरा भोकं. ऊन नाही, वारा नाही, कुणी झटकणारं नाही. चाळीस वर्षं काट्यांनी जे केलं नाही, ते ह्यांच्या वारशानं दोन वर्षांत केलं.

"अगं बाई! कसर!" मॅडम दोन पावलं मागं सरल्या. "मोतीराम, हिमरूची पेटी बंद आहे ना? ही आधी उतरवा! आजी, तुम्ही... तुम्ही घेऊन जाता का ही? आत्ताच?"

"आन् समिती?"

"ते मी बघते."

"धड व्हती तवा सगळ्यांची," बानाबाई म्हणाली, "सडली का माझी."

मोतीरामनं मला खिळ्यांवरून सोडवलं. बानाबाईनं माझं एक टोक त्यांच्यापुढं धरलं. "धरा. एकटीला झटकायची नाय."

मॅडमनी दोन बोटांत टोक धरलं.

"मुठीत धरा. खात नाय ती."

मग संग्रहालयाच्या व्हरांड्यात त्या दोघींनी मला झटकलं. एकदा, दोनदा, दहादा. मॅडमच्या इस्त्रीच्या साडीवर दोन वर्षांची धूळ बसली. पंख्याखालचे सगळे बाहेर आले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं डोळे फाडून बघायला लागले. मोतीरामनं आत जाऊन पाटी काढली आणि चुरगाळून खिशात घातली.

घरी बिरूनं भोकातून बोट घातलं. "हे काय?"

"माझ्यामुळं," शालू म्हणाली.

"मग तूच भर."

चार दिवस मला उन्हात टाकलं. कडुनिंबाचा पाला घातला. शालूनं आजीजवळ बसून लोकर कातली. तिचा धागा कुठं बोटाएवढा, कुठं केसाएवढा. अकरा भोकं तिनं भरली. आठ बरी, तीन वाईट. बानाबाईनं ती तिन्ही उसवून तिच्याकडून पुन्हा करून घेतली. त्या प्रकल्पात ती नापास झाली, असं पुढं कानावर आलं. धागा मात्र टिकलाय.

आता मी बिरूच्या खांद्यावर आहे. काल घाटात एक गाडी थांबली. काळा चष्मा लावलेला एक माणूस उतरला, मला न्याहाळून म्हणाला, "बाबा, हे विकता का? आमच्या हॉलमध्ये भिंतीवर छान दिसेल."

बिरूनं मला खांद्यावर सारखं केलं आणि मेंढरांना हाळी दिली.

तुम्हीही फार वेळ बसलात. मला बघून झालं असेल, तर वाट सोडा. मेंढरं निघालीत.