राजाच्या डोळ्यातली रेघ

“मिस्टर स्केल्टन, हे नाणं कधी वाकलं होतं का?”

हे सभेत सगळ्यांसमोर विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, ब्रायनी आणि मॉडने, लावली होती. ‘तुझं तोंडच उघडणार नाही, टॅम्झिन,’ म्हणत दोघी मागच्या रांगेत आल्याची बिस्किटं खात बसल्या होत्या. त्यांना काय माहीत, महिनाभर मी या प्रश्नाला धार लावत होते.

स्केल्टन आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या काचेच्या पेटीत एडवर्ड राजाचं हातोड्याने ठोकलेलं चांदीचं ग्रोट, म्हणजे चार पेनीचं जुनं नाणं होतं, राजाचं तोंड खाली. चिठ्ठीवर लिहिलेलं: ‘टाकसाळीची खूण सूर्य. दुर्मीळ.’ महिन्यापूर्वी ते पेटीत दिसलं, तेव्हाच कडेची चीर मी ओळखली.

ते मला नांगरलेल्या शेतात सापडलं होतं, दुमडलेलं. पूर्वी लोक नवस बोलताना नाणं वाकवायचे. तेव्हा तेरा वर्षांची मी, मातीच्या हातांनी ते स्केल्टनकडे घेऊन गेले. ‘खूण पुसलीय, बाळ. भंगार आहे. टाक त्या मुलांना खेळायला ठेवलेल्या खोक्यात.’ मी टाकलं. वर थँक्यू म्हटलं. त्या थँक्यूने अजून माझा जळफळाट होतो.

“कधीच नाही,” स्केल्टन म्हणाले. “सरळ केलेलं नाणं न सांगता मांडायला मी काय जत्रेतला दुकानदार आहे?”

सगळे हसले.

“मग उलटून बघू या,” मी म्हणाले. “राजाच्या डाव्या डोळ्यातून मुकुटावरच्या सूर्यापर्यंत घडीची रेघ नसेलच.”

हसू थांबलं. म्हाताऱ्या मिसेस ओगलबी उठल्या. “किल्ली द्या, गॉडफ्री,” त्या स्केल्टनना म्हणाल्या. त्यांनी नाणं दिव्याखाली तिरकं धरलं, भिंग लावलं. “आहे रेघ. पोरीने सांगितली तिथेच.”

मग भिंगं घेऊन रांगच लागली. स्केल्टनची मान लाल होत गेली. मी चहात बिस्किट बुडवून ते चवीने बघितलं.

आई-बाबा घ्यायला आले, तेव्हा स्केल्टन गाडीपाशी आले. “नाणं तुझं. फक्त पुढच्या सभेत सांग, गैरसमज झाला होता.”

“घेऊन टाक ना, टॅम,” आई कुजबुजली.

“नको,” मी आई-बाबांना म्हणाले. “किल्ली आता मिसेस ओगलबींकडे आहे. ते यांच्याच पेटीत राहणार, राजाचं तोंड वर. कुणाला सापडलं, कुणी सरळ केलं, ती चिठ्ठी मी लिहिणार. आणि प्रत्येक सभेला मी येणार. पहिल्या रांगेत बसायला.”